मृत्युपत्र आणि प्रोबेट : काय बदलले, काय तसेच राहिले

जलदानविधी व पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम आटोपतो, पाहुणे आपापल्या गावी परततात आणि मग कपाटातली कागदपत्रांची पिशवी खाली काढली जाते. बँकेची पासबुके, सोसायटीचा भागदाखला, विम्याची पॉलिसी, गावच्या जमिनीचा सातबारा आणि एखाद्या घरात मृत्युपत्रही. ही पिशवी घेऊन मृताची पत्नी किंवा मुलगा बँकेत येतो. काउंटरमागे बसून आम्ही हे वर्षानुवर्षे पाहत आलो आहोत. पूर्वी येणाऱ्याचा प्रश्न ठरलेला असे, "साहेब, मृत्युपत्र आहे ना, मग प्रोबेट कशाला?" आता प्रश्न बदलला आहे. "साहेब, प्रोबेट रद्द झाले म्हणे. म्हणजे आता काहीच करावे लागणार नाही ना?"

आम्ही वकील नव्हे. कला शाखेची पदवी घेऊन बँकेत कारकुनी करतो. परंतु या दोन्ही प्रश्नांमागे जो गैरसमज आहे, त्यापायी भावाभावांत वितुष्ट आलेले आणि बहिणीचा वाटा बुडालेला आम्ही पाहिला आहे. म्हणून संस्थेच्या सभासदांसाठी व विद्यार्थ्यांसाठी हा विषय शक्य तितक्या सोप्या भाषेत मांडण्याचा हा प्रयत्न.

प्रोबेट म्हणजे काय?

मृत्युपत्र हा मोठा विलक्षण दस्तऐवज आहे. खरेदीखत, भाडेकरार, कर्जरोखा यांत वाद झाला तर सही करणाऱ्याला विचारता येते. मृत्युपत्र अंमलात येते तेच मुळी सही करणारा गेल्यावर. सही त्याचीच का, तो त्यावेळी शुद्धीवर होता का, कोणी दडपण आणले होते का, हे सांगण्यास तो स्वतः उपलब्ध नसतो. म्हणून त्याच्या वतीने न्यायालय ही तपासणी करते. तपासणी पुरी झाली की मृत्युपत्राच्या प्रतीवर न्यायालयाची मोहोर उमटते आणि मालमत्तेची व्यवस्था पाहण्याचा अधिकार दिला जातो. हेच प्रोबेट. १९२५ च्या भारतीय उत्तराधिकार कायद्यात त्याची व्याख्या याच अर्थाने दिलेली आहे.

प्रोबेट फक्त एक्झिक्युटरला, म्हणजे मृत्युपत्राची अंमलबजावणी करण्यासाठी मृत्युपत्रातच नेमलेल्या व्यक्तीला मिळते. असा कोणी नेमलेला नसेल, तर लाभधारकाला मृत्युपत्र जोडून 'लेटर्स ऑफ अॅडमिनिस्ट्रेशन' मागावे लागते. मृत्युपत्रच नसेल तर प्रोबेटचा प्रश्नच येत नाही. हे मुद्दाम सांगण्याचे कारण असे की, मृत्युपत्र नसतानाही 'प्रोबेट काढून आणा' असे सांगणारे आणि ते ऐकून धावपळ करणारे, दोघेही आम्हांस भेटलेले आहेत.

मुंबईची सक्ती कोठून आली?

ठाणे, नाशिक, नागपूर येथील आपल्या नातेवाइकांना प्रोबेटची फारशी माहिती नसते, आणि मुंबईतील माणसाला मात्र ते चांगलेच ठाऊक असते. याचे मूळ ब्रिटिश अमदानीत आहे. १८७० साली हिंदूंच्या मृत्युपत्रांसाठी जो कायदा झाला, तो बंगालच्या लेफ्टनंट गव्हर्नरच्या ताब्यातील मुलुखाला आणि मद्रास व मुंबई या शहरांच्या हद्दीला लागू होता. तीच विभागणी १९२५ च्या कायद्यात कायम राहिली. कलम ५७ मध्ये हिंदू, बौद्ध, शीख व जैन यांचा नावाने उल्लेख आहे. १ सप्टेंबर १८७० नंतर या हद्दीत केलेली मृत्युपत्रे, तसेच हद्दीबाहेर केलेली परंतु हद्दीतील स्थावर मालमत्तेविषयीची मृत्युपत्रे त्यात येतात. अशा मृत्युपत्रांच्या बाबतीत कलम २१३ ने सांगितले की, प्रोबेट मिळाल्याखेरीज कोणत्याही न्यायालयात मृत्युपत्रावरून हक्क शाबीत करता येणार नाही.

याचा परिणाम असा की, रत्नागिरीच्या गावी बसून केलेल्या मृत्युपत्रात मुंबईच्या घराचा उल्लेख असला, तरी प्रोबेट आवश्यक ठरे. नागपूरच्या माणसाने नागपूरच्याच घरासाठी केलेल्या मृत्युपत्राला ती अट नव्हती. कलमाची भाषा न्यायालयापुरती होती, पण सोसायट्या, बँका, घर घेणारे ग्राहक आणि त्यांचे वकील यांनी जोखीम नको म्हणून सरसकट प्रोबेट मागण्यास सुरुवात केली आणि तीच रीत पडली.

धर्माप्रमाणेही फरक होता. मुस्लिमांना हे कलम कधीच लागू नव्हते. भारतीय ख्रिश्चनांना २००२ च्या दुरुस्तीने त्यातून वगळण्यात आले. हिंदू, बौद्ध, शीख, जैन व पारशी मात्र त्यात राहिले. एकाच इमारतीत, एकाच मजल्यावर समोरासमोर राहणाऱ्या दोन कुटुंबांपैकी एकाला प्रोबेट सक्तीचे आणि दुसऱ्याला ऐच्छिक, अशी ही स्थिती होती.

डिसेंबर २०२५ मध्ये काय झाले?

संसदेने डिसेंबर २०२५ मध्ये निरसन व सुधारणा अधिनियम संमत केला. जुने, निरुपयोगी झालेले कायदे रद्द करणे हा त्याचा मुख्य हेतू. त्यातच १९२५ च्या कायद्यातील कलम २१३ वगळण्यात आले. त्यामुळे धर्म आणि शहर यांवर आधारलेली प्रोबेटची सक्ती संपली. बदल झाला तो एवढाच.

प्रोबेट देण्याची व्यवस्था रद्द झालेली नाही. उच्च न्यायालयाचा व जिल्हा न्यायालयांचा प्रोबेट देण्याचा अधिकार कायम आहे. पूर्वी मिळालेली प्रोबेट वैध आहेत. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, मृत्युपत्र सिद्ध करण्याची जबाबदारी जशीच्या तशी आहे. कोणी हरकत घेतली तर मृत्युपत्र पुढे करणाऱ्यानेच ते खरे असल्याचे दाखवून द्यावे लागते. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमातही जुना नियम कायम आहे : साक्षांकन करणारा साक्षीदार हयात असेल तर निदान एका साक्षीदाराची साक्ष झाल्याखेरीज मृत्युपत्र पुराव्यात वाचता येत नाही. मृत्युपत्र नोंदणीकृत असले तरीही यातून सुटका नाही. 'रजिस्टर केले आहे, म्हणजे आता कोणी बोट लावू शकत नाही,' हा आपल्याकडचा सर्वांत मोठा गैरसमज आहे.

सर्वोच्च न्यायालयाने १९५९ साली व्यंकटाचल अय्यंगार प्रकरणात सांगितलेले तत्त्व आजही मार्गदर्शक आहे. मृत्युपत्राभोवती संशयास्पद परिस्थिती असेल, तर ती दूर करण्याचा भार मृत्युपत्र मांडणाऱ्यावर असतो. सही थरथरती आहे, पत्नीला व मुलींना कारण न देता वगळले आहे, ज्याला सर्व काही मिळाले त्यानेच मृत्युपत्र तयार करण्यात पुढाकार घेतला आहे, अशा गोष्टींची न्यायालय बारकाईने चौकशी करते.

मग प्रोबेट केव्हा घ्यावे?

सर्व वारस एकमताचे आहेत, मालमत्ता थोडी आहे आणि सोसायटी व बँक यांची हरकत नाही, तर आता प्रोबेटच्या खर्चात पडण्याचे कारण नाही. परंतु काही प्रसंगी सक्ती नसतानाही ते घेणे हिताचे ठरते. वारसांपैकी कोणी नाराज आहे, मृत्युपत्राने नेहमीचे वाटे बदलले आहेत, किंवा घर लवकरच विकावयाचे अथवा पुनर्विकासाला द्यावयाचे आहे, असे ते प्रसंग.

आणखी एक कारण सहसा कोणी लक्षात घेत नाही. साक्षीदारही म्हातारे होतात. बहुधा ते मृत्युपत्र करणाऱ्याच्याच वयाचे मित्र असतात. आज वाद नाही म्हणून मृत्युपत्र ट्रंकेत ठेवले आणि दहा-पंधरा वर्षांनी पुतण्याने हरकत घेतली, तर त्यावेळी साक्ष द्यायला कोण उरले असेल? दोन्ही साक्षीदार गेले असतील तर त्यांची व मृताची सही ओळखणारी माणसे शोधत फिरावे लागते. प्रोबेट घेतले की हा प्रश्न साक्षीदार हयात असतानाच निकालात निघतो. मृत्युपत्राच्या खरेपणाबाबत प्रोबेटचा निर्णय केवळ समोर आलेल्या पक्षकारांवर नव्हे, सर्वांवर बंधनकारक असतो. रीतसर नोटीस न देता किंवा खोट्या मृत्युपत्रावर प्रोबेट मिळविले असेल, तर मात्र ते रद्दही होऊ शकते.

कामकाज कसे चालते?

मृत्यूनंतर सात दिवस उलटल्याशिवाय प्रोबेट देता येत नाही. अर्ज मुंबईत उच्च न्यायालयात आणि अन्यत्र साधारणपणे जिल्हा न्यायालयात करतात. अर्जासोबत मूळ मृत्युपत्र, मृत्यूचा दाखला, मालमत्तेची किमतीसह यादी, सर्व वारसांची नावे व पत्ते आणि एका साक्षीदाराचे प्रतिज्ञापत्र जोडावे लागते. मालमत्तेच्या किमतीवर कोर्ट फी आकारली जाते. ज्या वारसांची संमती आहे त्यांची संमतीपत्रे दाखल करतात. इतरांना नोटीस निघते.

कोणाची हरकत असेल तर तो कॅव्हेट दाखल करतो. मग अर्जाला दाव्याचे स्वरूप येते. अर्जदार वादी आणि हरकत घेणारा प्रतिवादी होतो, साक्षी-उलटतपासणी होते. बिनविरोध प्रकरण काही महिन्यांत सुटण्याची आशा असते. विरोध झाला की वर्षे मोजावी लागतात. म्हणून वारसांशी आधी घरात बसून बोलावे. आम्ही पाहिलेल्या कित्येक प्रकरणांत हरकत मालमत्तेसाठी नव्हतीच. 'मला कोणी विचारलेच नाही' एवढेच दुःख होते.

प्रोबेट हाती आले की एक्झिक्युटरचे काम सुरू होते. त्याने सहा महिन्यांच्या आत मालमत्तेची यादी आणि एक वर्षाच्या आत हिशेब न्यायालयात सादर करावयाचा असतो. वाटप करण्यापूर्वी देणी भागवावी लागतात. त्यांचा क्रमही कायद्याने ठरवून दिला आहे. प्रथम अंत्यविधीचा व अखेरच्या आजारपणाचा खर्च, नंतर प्रोबेटचा खर्च, त्यानंतर मृताकडे शेवटच्या तीन महिन्यांत काम केलेल्या मजूर, कारागीर व घरगड्यांची मजुरी, मग इतर कर्जे. लाभधारकांचा क्रमांक या सर्वांनंतर. कष्टकऱ्याची मजुरी इतर सावकारांच्या आधी द्यावी, हा नियम आपल्या समाजाने आवर्जून लक्षात ठेवावा.

प्रोबेट काय ठरवीत नाही?

प्रोबेट देणारे न्यायालय फक्त एकच प्रश्न पाहते : हे मृत्युपत्र खरे व शेवटचे आहे काय? त्यात लिहिलेले घर मृताच्या मालकीचे होते किंवा नाही, हे ते ठरवीत नाही. समजा, एखाद्याने वडिलोपार्जित एकत्र जमीन सगळी आपलीच समजून धाकट्या मुलाला लिहून दिली. मृत्युपत्र खरे ठरेल, प्रोबेटही मिळेल. परंतु धाकट्याला मिळेल तो वडिलांच्या हिश्श्यापुरताच भाग. बाकीच्यांचा हक्क दिवाणी न्यायालयात शाबूत राहतो.

भाड्याच्या खोलीचेही तसेच. चाळीतील अनेकजण 'माझी खोली अमक्याला' असे मृत्युपत्रात लिहितात. भाडेहक्क मृत्युपत्राने देता येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९४ साली मुंबई भाडे कायद्याच्या संदर्भात स्पष्ट केले आहे. तेथे भाडेकरूच्या मृत्युसमयी त्याच्याबरोबर राहणाऱ्या कुटुंबीयाचा विचार होतो.

नॉमिनी म्हणजे मालक नव्हे

'पासबुकावर वारसदार लावला आहे' असे आपण सहज म्हणतो. हा शब्दप्रयोगच चुकीचा आहे. नॉमिनी म्हणजे बँकेकडून पैसे स्वीकारणारा. ते पैसे कोणाचे, हे मृत्युपत्र किंवा वारसा कायदा ठरवितो. शेअर्सच्या बाबतीतही नॉमिनी मालक होत नाही, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२३ मध्ये दिला. गृहनिर्माण सोसायटीत महाराष्ट्राच्या २०१९ च्या दुरुस्तीनुसार नॉमिनीस तात्पुरते सभासदत्व मिळते. खरे वारस पुढे आले की त्यांचा विचार करावाच लागतो.

याचा अर्थ नॉमिनी लावू नये असा नाही. जरूर लावावा. नॉमिनी असेल तर बँक त्याच्याकडे प्रोबेट वा वारस दाखला मागत नाही आणि घरखर्च अडत नाही. १ नोव्हेंबर २०२५ पासून बँक खात्याला चारपर्यंत नॉमिनी लावता येतात व ठेवींच्या बाबतीत त्यांचे टक्केही नमूद करता येतात. नॉमिनी नसल्यास, रिझर्व्ह बँकेच्या सप्टेंबर २०२५ च्या निर्देशांप्रमाणे वाद नसलेले दावे सोप्या पद्धतीने निकालात काढण्याची किमान मर्यादा व्यापारी बँकांसाठी १५ लाख रुपये व सहकारी बँकांसाठी ५ लाख रुपये आहे. सर्व कागदपत्रे मिळाल्यापासून १५ दिवसांत दावा निकालात काढावा, असेही त्यात आहे. काउंटरवर कोणी याहून वेगळे सांगितले तर नम्रपणे हे निर्देश दाखवावेत.

मृत्युपत्र नसेल तर

आपल्यापैकी बहुसंख्य मृत्युपत्र न करताच जातात. अशावेळी १९५६ चा हिंदू उत्तराधिकार कायदा लागू होतो. नाव हिंदू असले तरी त्याच्या कलम २ मध्ये बौद्ध, जैन व शीख यांचा स्पष्ट समावेश आहे. हा कायदा १७ जून १९५६ रोजी अंमलात आला. त्याच वर्षी १४ ऑक्टोबरला नागपूर येथे धम्मदीक्षा झाली. म्हणून दीक्षेनंतरही वारसाहक्काला हाच कायदा लागू राहिला.

पुरुष मृत्युपत्र न करता वारला, तर पत्नी, आई, प्रत्येक मुलगा व प्रत्येक मुलगी यांना सारखा वाटा मिळतो. समजा, मागे पत्नी, म्हातारी आई, दोन मुलगे व एक विवाहित मुलगी आहे. पाच सारखे वाटे होतील, प्रत्येकास एक पंचमांश. आईचा वाटा आपण विसरतो आणि मुलीचा वाटा विसरल्यासारखे करतो. ज्या हिंदू कोड बिलासाठी बाबासाहेबांनी १९५१ साली कायदामंत्रिपदाचा राजीनामा दिला, त्यात मुलीच्या वारसाहक्काचा प्रश्न होता. त्यांचे नाव घेणाऱ्या घरात बहिणीला साडी नेसवून हक्कसोडपत्रावर सही घेतली जाते, हे आम्हांस शोभणारे नाही. बहिणीने स्वखुशीने हक्क सोडला तर गोष्ट वेगळी. पण आपण काय सोडतो आहोत, हे तिला आधी आकड्यांत सांगितले पाहिजे.

बँकेतील ठेवी, शेअर्स यांसाठी अशा वेळी न्यायालयाचे उत्तराधिकार प्रमाणपत्र मिळते. ते घराला किंवा जमिनीला उपयोगी नाही. त्यासाठी १८२७ च्या मुंबई विनियमाखालील वारस दाखला आहे. सातबाऱ्यावरील वारसनोंद ही महसुली नोंद आहे. तिने मालकी सिद्ध होत नाही.

एक उदाहरण

मालमत्ता म्हणजे केवळ घर व पैसा नव्हे. ६ डिसेंबर १९५६ नंतर बाबासाहेबांची हस्तलिखिते व कागदपत्रे दिल्लीच्या न्यायालयाच्या ताब्यात गेली. तेथून ती महाराष्ट्राच्या अॅडमिनिस्ट्रेटर जनरलकडे आली आणि पेट्यांत बंद राहिली. ती प्रसिद्ध व्हावीत म्हणून नागपूरच्या एका वकिलांनी न्यायालयात धाव घेतली. कायदेशीर वारसांची संमतीपत्रे मिळणे आवश्यक असल्याने ते प्रकरण कित्येक वर्षे चालले. महाराष्ट्र शासनाच्या ग्रंथमालेचा पहिला खंड १९७९ साली निघाला आणि अप्रकाशित लेखनाचा तिसरा खंड १९८७ साली. कोणाचा दोष काढण्याचा येथे हेतू नाही. मृताच्या मालमत्तेची कायदेशीर व्यवस्था लागेपर्यंत किती मोलाची वस्तू किती काळ कुलपात राहू शकते, एवढेच सांगावयाचे आहे.

आपण काय करावे?

मृत्युपत्राला मुद्रांक लागत नाही, साधा कागद चालतो. सज्ञान व शुद्धीवर असलेली कोणतीही व्यक्ती ते करू शकते. मृत्युपत्र करणाऱ्याने सही करावी, दोन साक्षीदारांनी ती पाहून त्याच्यासमोर आपल्या सह्या कराव्यात. साक्षीदार आपल्याहून तरुण निवडावेत, लाभ मिळणाऱ्याला साक्षीदार करू नये. विश्वासू एक्झिक्युटर नेमावा व त्याला तसे सांगून ठेवावे. कोणाला कमी दिले असेल तर त्याचे कारण एका वाक्यात लिहावे. वय फार झाले असेल तर डॉक्टरांचा दाखला जोडावा. नोंदणी सक्तीची नाही, परंतु केलेली बरी. आणि मूळ प्रत कोठे ठेवली आहे, हे घरात निदान दोघांना ठाऊक असावे.

विद्यार्थ्यांना एक विनंती. आपल्या आजी-आजोबांच्या, आई-वडिलांच्या पिशवीतील कागद एकदा त्यांच्याजवळ बसून वाचा. कोणत्या खात्याला नॉमिनी नाही, सातबाऱ्यावर अजून पणजोबांचे नाव आहे काय, भागदाखला कोणाच्या नावे आहे, याची एक यादी करा. ज्यांना अक्षरओळख नव्हती त्यांनी हे कागद पोटच्या पोरासारखे सांभाळले. ते वाचून, समजून घेऊन नीट लावण्याचे काम शिकलेल्या पिढीचे आहे. माणूस हयात असताना हे काम एका संध्याकाळचे असते. तो गेल्यावर त्याच कामासाठी न्यायालयाच्या तारखा मोजाव्या लागतात.